ठिपक्याची भाकरी

"कुत्रं पिसाळलंय. आज सकाळीच मला चावलं." महिपतीनं मनगटाची चिंधी सोडली. "सुई टोचा आन् मोकळं करा, डाक्टर."

महिपतीचा निरोप मिळताच गुरांचे डॉक्टर माधवराव लोणावळ्याहून लोहगडवाडीला आले होते. अंगणात ठिपक्या खुंट्याला बांधला होता. त्याच्यापुढं धोंडाबाई आडवी उभी होती. महिपतीच्या धाकट्या भावाची, सोपानची, ती बायको. कुत्रा सोपानचा.

"आधी मला टोचा," ती म्हणाली.

"सोपान कुठं आहे?"

उत्तर महिपतीनं दिलं. "परवा ममईला गेला, गिरणीत काम बघाया. मीच ठेसनात सोडला."

"आन् मला सांगितलं न्हाई?" धोंडाबाई म्हणाली. "घरात अंगरखा तसाच टांगलाय त्यांचा."

 माधवरावांनी महिपतीची जखम धुवायला घेतली. वरची खपली ओली होऊन सुटली. खालून पू आला, आणि वाटीतलं पाणी काळं झालं.

"भाताच्या वाफ्यावर पालापाचोळ्याचा राब भाजलात का?"

"अजून न्हाई. पुढच्या हप्त्यात भाजू."

माधवरावांनी पाण्याची परात कुत्र्यापुढं सरकवली. ठिपक्या लपालपा प्यायला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. 

धोंडाबाईनं भाकरी टाकली. ठिपक्यानं ती उचलली, पण खाल्ली नाही. तोंडात धरून तो दोरीला हिसके देऊ लागला.

"परवापासनं असंच करतोय," ती म्हणाली. "भाकरी घेऊन रानात पळतो आन् रिकामा येतो. शेतावर धन्याला भाकरी त्योच पोचवायचा. आज मी मागं जाया निघाले, तर भावजींनी बांधून घातला."

"सोडू नका त्याला," महिपती पुढं आला. "अजून कुनाला चावंल."

माधवरावांनी खुंट्यावरून दोरी सोडली.

"पोलीस पाटलांना बोलवा," ते म्हणाले. "आणि महिपती, तूही चल."

ठिपक्या पुढं; मागं माधवराव, महिपती, धोंडाबाई, पाटील आणि गावचे दोघे गडी. तो गावाच्या देवराईत शिरला आणि पाटील दत्तोबा जागीच थांबले. ज्या राईतली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नसे, तिथं जांभळी-हिरड्यांचे तोडलेले बुंधे उघडे पडले होते. कोळशाची भट्टी अजून कोमट होती. पलीकडं कातळात कोरलेलं जुनं, आटलेलं टाकं. वर ताज्या फांद्या रचलेल्या.

ठिपक्यानं फांद्यांच्या फटीतून भाकरी आत टाकली. खालून कण्हण्याचा आवाज आला.

फांद्या दूर केल्या. तळाशी सोपान पडला होता. पाय मोडलेला, ओठ फुटलेले, छातीवर ती भाकरी.

"महिपती, काय हाय हे?" दत्तोबांनी विचारलं.

"मला काय ठावं? पाय घसरला आसंल."

"घसरला?" माधवरावांचा आवाज रागानं थरथरत होता. "मग वर फांद्या कुणी रचल्या? तू तर त्याला स्टेशनात सोडला होतास."

महिपतीनं मनगट पाठीमागं नेलं.

"आज सकाळी चावलेल्या जखमेला खपली धरत नाही, तिच्यात पू होत नाही. ही परवाची जखम आहे. राब भाजला नाही, मग तिच्यात कोळशाची भुकटी कुठली? या भट्टीची. राई तोडून तू कोळसा पाडत होतास, आणि सोपाननं ते पाहिलं. त्याला ढकललंस, तेव्हा कुत्र्यानं तुझा हात धरला. मग कुत्रा भाकरी घेऊन इकडं येऊ लागला. त्याच्या मागं कुणी आलं असतं, म्हणून तुला तो पिसाळलेला दिसला. त्याला मारायला तू मला आणलंस. माझ्या हातानं दोन जीव घ्यायला निघाला होतास."

दोघा गड्यांनी खाली उतरून सोपानला वर घेतलं. पाण्याचे चार घोट गेल्यावर तो पुटपुटला, "गावाला सांगतो म्हनलो, म्हनून ढकललं."

"आमच्या घरातलं हाय ते," महिपती दत्तोबांना म्हणाला. "आमी मिटवू."

सोपानशेजारी बसलेली धोंडाबाई उठली. थोरल्या दिरासमोर आजवर तिनं मान वर केली नव्हती. आता डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही.

"महिपती," ती नाव घेऊन म्हणाली, "माझ्या घरात तू न्हाईस."

दत्तोबांनी ठिपक्याच्या गळ्यातली दोरी काढली आणि महिपतीचे हात बांधले.