नवरीशिवाय धवला नाही

काशीगावातल्या त्या हळदीला रुचिता आली होती मैत्रिणीच्या आग्रहाखातर, आणि डीजेला कंटाळून निघायच्या बेतात होती. एवढ्यात वीज गेली. डीजे गप्प झाला, आणि मांडवाच्या कोपऱ्यातून एक म्हातारा आवाज उठला... ना ढोल, ना पेटी. त्या आवाजाने नवऱ्या मुलाचं नाव घेतलं, कुलदेवतेला बोलावलं, डोंगराला नि खाडीला आवतण दिलं. रुचिताच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने मोबाईल वर केला, तर समोर एक हात आडवा!

"सॉरी हां... आत्याला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नको."

हात दिपेशचा होता. आत्या म्हणजे विमलाबाई, गावातली शेवटची धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे देवांना आवतण देणारी पारंपरिक गाणी, गाणारी.

"आणि तुम्हाला काही विचारायचं असेल तर?"

"मला काय, कधीपण विचारा," तो हसला. पोरीची विकेट तिथेच पडली.

रुचिता जेसल पार्कात राहायची, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. विमलाबाईंचे सगळे धवले डिजिटल रूपात जतन करायचे, असा तिने ध्यासच घेतला. संध्याकाळी दिपेश शब्दांचे अर्थ सांगायला येऊ लागला. आवाज कुठे साठवायचा, प्रती किती ठेवायच्या, ऐकायची परवानगी कोणाला... आराखडा वाढत गेला, तसे चहाचे कपही. शेवटी या कामाला पैसे देणाऱ्या कॉलेजच्या समितीने अट घातली: सोमवारपर्यंत आवाजाचा नमुना द्या, नाहीतर यंदा विसरा. आणि विमलाबाईंचा आवाज तर आताशा थकत चालला होता. पुढच्या वर्षीचा भरवसा कोण देणार?

रविवारी दोघं रेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"न्हाय," विमलाबाई म्हणाल्या. "नवरा-नवरी समोर न्हाय, तं नाव कोनाचं घेऊ? देवाला बोलवायचं हाय पोरी, उगाच कसं बोलवू?"

रुचिताचा चेहरा उतरला. दिपेश जमिनीकडे बघत पुटपुटला, "मग... आपण बसलो तर? नवरा-नवरी म्हणून?"

"नाटक करायचं? आत्यांसमोर?"

"नाटक नाही करत मी." त्याचे कान लाल झाले होते. "कधीपासून बोलायचं होतं... तू त्या समितीतच अडकलेलीस."

रुचिताने हळूच रेकॉर्डर बंद केला.

"मग हे समितीसाठी नको," ती म्हणाली. "नमुना गेला तर गेला. माझं हो आहे, दिपेश... पण ते फक्त तुला."

विमलाबाईंनी दोघांकडे पाहिलं, पदर सावरला, डोळे मिटले. त्या आवाजात आधी दिपेशचं नाव आलं... मग तिचं. आपलंच नाव, पण असं कुणी कधी घेतलंच नव्हतं! देव, डोंगर, खाडी, सगळे तिच्यासाठी येऊन बसलेत असं तिला खरंच वाटलं. तिचे डोळे वाहू लागले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

विमलाबाई मध्येच थांबल्या.

"यंत्र का बंद केलंस? माज्या भाच्याचं लगीन ठरलं, ते काय चोरून? चालू कर!"

रुचिताने बटण दाबलं.

"येवढंच देते तुज्या सायबांना," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमच्या मांडवान."