पहिलं धिरडं

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या आदल्या रविवारी उस्तिन्या नवऱ्याबरोबर माहेरी निघाली. नव्या जावयाने सासूच्या हातची धिरडी पोट फुटेस्तोवर खायची, ही तिथली रीत. येफीम त्यासाठी सकाळपासून उपाशी होता. बर्फगाडीत तो घोड्याशीसुद्धा धिरड्यांविषयीच बोलत होता. लग्न शरदात झालेलं. नवरा भुकेला असला की गोड बोलतो, एवढं तिला कळून चुकलं होतं.

आईने पहिलं धिरडं तव्यावरून उतरवलं, लोणी माखलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं. उस्तिन्याच्या बापासाठी. पहिलं गेलेल्यांचं, मग जित्यांचं. बाप दुष्काळात गेला होता, स्वतःची भाकरी लेकीच्या हातात देऊन.

आई सरपण आणायला बाहेर गेली. येफीमची नजर फळीवरच.

"सासरेबुवा काय खाणार आता? गार होईल बिचारं."

"येफीम, नको. बाबांचं आहे ते."

"जावयाने खाल्लं म्हणजे घरातच राहिलं की!"

त्याने घडी करून ते तोंडात कोंबलं. लोणी हनुवटीवरून ओघळलं, आणि उस्तिन्याला हसू फुटलं. आई यायच्या आत तिने तव्यावरचं दुसरं उचलून फळीवर ठेवलं. दिसायला अगदी तसंच. सणाच्या दिवशी कशाला कटकट!

मग येफीम जेवायला बसला.

"खा हो जावईबापू! माझा तवा दमला तर सांगेन!" आई खुशीत होती.

दुपार कलली. आईचं हसू हळूहळू विरलं. पिठाच्या बादलीचा तळ दिसू लागला. येफीम आता बोलत नव्हता, फुंकरही घालत नव्हता. तव्यावरचं कढत धिरडं सरळ गिळत होता. बसताना त्याने कंबरपट्टा सैल केला होता. आता तो आपोआपच गळून मांडीवर पडला होता.

उस्तिन्याने त्याच्या हाताला हात लावला. विहिरीच्या दोरासारखा गार.

"उस्तिन्या... मी खातोय गं..." तो रडवेला झाला. "पण माझ्या पोटात काही जातच नाहीये..."

आईने खिडकीकडे पाहिलं. "हे अजून वाफाळतंय कसं?" आणि मग हळूच, "पहिलंच ना हे, पोरी?"

उस्तिन्याने मान खाली घातली.

"माफी माग. आत्ता. उपवासाची घंटा व्हायच्या आत."

त्या दिवशी सारं गाव एकमेकांची माफी मागतं. 'देव क्षमा करेल' असं उत्तर आलं की मिटलं. उस्तिन्या खिडकीपुढे वाकली. बाहेर निळसर संध्याकाळ. स्मशानाच्या वाटेवरच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"बाबा, चुकलं माझं. मी हसले... क्षमा करा."

उत्तर पाठीमागून आलं. जेवणाच्या टेबलाकडून. येफीमचं तोंड भरलेलं होतं, ओठ मिटलेले.

"देव करेल, चिमणे..."

चिमणी तिला फक्त बाप म्हणायचा.

"...आणखी एक वाढ."

आईच्या हातून पळी पडली. चर्चची घंटा वाजू लागली.

येफीम खाऊन खाऊन मेला, असं सकाळपर्यंत गावभर झालं. त्याला धुवायला आलेल्या बायकाही तसंच कुजबुजत होत्या. मग त्यांनी सदरा काढला. पोट पाठीला लागलेलं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.

"ह्याला कधीपासून उपाशी ठेवलंत गं?" एका म्हातारीने विचारलं.

उपवास लागला होता. चूल रात्रभर विझलेली, घरातल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली. उस्तिन्या फळी पुसायला गेली. धिरडं तिथंच होतं. तिने बोट टेकवलं आणि चटका बसला. लोणी अजून तडतडत होतं.

कालपासून तिने अन्नाचा कण खाल्ला नव्हता. आठवणच नव्हती झाली. आणि आता, नवरा बाकावर आडवा असताना, तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

तिने मागे वळून पाहिलं. बायका रडण्यात गुंतल्या होत्या. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.