बाराची रिम, सव्वीसचा टायर

ट्रीनाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा राहून आपल्या क्वाडची, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या गाडीची, मनधरणी करत होता.

"चल ना गं… एवढं एकदाच. पुन्हा नाही आणणार तुला इकडे."

ऑगस्टची सकाळ होती. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं आणि पाऊस म्हणावा की दव, असं काहीतरी बारीक बारीक झिरपत होतं. ट्रीना बादली घेऊन आपल्या क्वाडवरून बेकॲपल वेचायला निघाली होती. दलदलीत जमिनीलगत पिकणारी ही पिवळीधमक फळं म्हणजे स्किपर्स आर्म या गावच्या लोकांचा जीव की प्राण. चांगली जागा सापडली तर माणूस ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. ट्रीनाची जागा तिथून जेमतेम अर्ध्या मैलावर होती. त्यामुळे चिखलातला हा देखणा प्राणी बघून तिला आधी दया आली नाही, संशय आला.

"काय रे सोन्या, रस्ता चुकलास की फळं शोधतोयस?"

त्या 'सोन्या'वर कुणी जाऊ नये. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळेच एकमेकांना सोन्या म्हणतात.

तो म्हणाला, तळ्यावर मासे धरायला चाललो होतो. नाव गारलँड. रूबी हिस्कॉकचा मुलगा. पाच वर्षं देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात तेलविहिरींच्या कामावर होता, गेल्या आठवड्यातच घरी आला होता. ट्रीनाचं लक्ष मात्र त्याच्या चाकांवर होतं. पंधरा इंची चकचकीत रिमा, आणि त्यांच्याभोवती रबर बेताचंच. अल्बर्टात बसून, फोटो बघून मागवल्या होत्या म्हणे. तिथून इथल्या दलदलीची चाकं निवडणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच की.

"चेहरा चांगला आहे," ती म्हणाली. तो हसला, तशी तिने घाईघाईने पुढे जोडलं, "रिमांचा म्हणतेय मी."

"मला कुठे काय वाटलं?" गारलँड म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

तिने दोरी बांधली आणि आपल्या जुन्या, ठेंगण्या रिमांच्या गाडीने त्याला झटक्यात बाहेर ओढलं. ओढलं तेही मुद्दाम गावाच्या दिशेने. फळांच्या बाजूला त्याला मान वळवायलाही उसंत दिली नाही.

सोमवारी तो गॅरेजवर हजर. गॅरेज क्लेममामाचं, पण टायर आणि रिमा हा प्रांत ट्रीनाचा. माप घेण्यात ती कधी चुकली नव्हती, आणि याचा तिला चांगलाच तोरा होता. तिने टेप काढली, त्याच्या चाकाशी उकिडवी बसली. तोही शेजारी बसला, गरजेपेक्षा थोडा जवळच.

"टायर सव्वीस इंच उंच, त्यात रिम पंधराची," ती म्हणाली. "उरलं किती? वर साडेपाच, खाली साडेपाच. रिम बाराची घातली तर सात-सात. या दीड इंच रबरातच सगळी गंमत आहे. हवा कमी केली की ते पसरतं आणि चिखलावर तरंगतं. तुझं हे सुरीसारखं आत घुसतं."

"म्हणजे लहान रिम चांगली?"

"इथे तरी. दिसायला साधी असते, पण घरी परत आणते."

मग त्याने विचारलं, मागची चाकं तेवढी उंच घेतली तर? रुबाबदार दिसतील. ट्रीनाने कपाळावर हात मारला. चारही चाकांना जोर देणारी गाडी. पुढचं चाक एका फेरीत जेवढं अंतर जातं तेवढंच मागच्यानेही जायला हवं, नाहीतर दोघं एकमेकांना खेचत बसतात आणि मधल्या मधे गिअर मरतो. रुंदी हवी तर मागे जास्त घ्यावी. उंची मात्र सारखी.

"हेच लग्नाआधी नवरा-बायकोलाही शिकवतात का?" त्याने भाबडेपणाने विचारलं.

"फॉर्म भरायचाय," ती म्हणाली, आणि हसू लपवायला खाली वाकली.

फॉर्मवर तीन प्रश्न होते. कुठे चालवणार? रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर. काय ओढणार? आईचा सरपणाचा लाकूडफाटा. कधीपर्यंत लागणार?

इथे तो अडखळला. "म्हणजे… महिनाअखेर तिकडून बोलावणं येईल बहुतेक. वीस दिवस तिकडे, आठ दिवस घरी. नेहमीचंच."

ट्रीनाचं पेन थांबलं. हे 'नेहमीचं' तिला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी केव्हिन नावाचा एकजण असाच गेला होता. आधी रोज फोन, मग रविवारी, मग नाताळात एक फोटो, त्यात त्याच्या खांद्यावर कुणा तिसरीचंच डोकं. त्याहून वाईट म्हणजे, प्रेमाच्या भरात तिने त्याला आपली फळांची जागा सांगितली होती. आता त्याचे चुलतभाऊ तिथे बादल्या भरत होते. तिला नवी जागा शोधायला दोन उन्हाळे लागले. तेव्हाच तिने ठरवलं होतं की तिकडे जाणाऱ्या माणसात पुन्हा जीव गुंतवायचा नाही.

तिने रकान्यात लिहिलं, 'एक उन्हाळा'. बाराची रिम, पंचवीसचे टायर, उथळ नक्षीचे. वाटेपुरते बास.

तरी तो रोज येत राहिला. एकदा टायरच्या व्हॉल्वच्या टोपणासाठी, एकदा पाना मागायला, एकदा तोच पाना परत करायला. क्लेममामा बॉनेटखालून म्हणाला, "अरे, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?" रविवारी दोघांनी खाडीच्या काठी काटक्या पेटवून किटली ठेवली, डब्यातलं दूध घालून कडक चहा केला. तिच्या गालावर ग्रीसचा डाग होता. त्याने तो अंगठ्याने पुसला, आणि पुसून झाल्यावरही अंगठा तिथेच राहिला…

"तुझी फळांची जागा कुठे आहे?" त्याने हळूच विचारलं.

"ते विचारू नकोस, गारलँड."

सोन्या म्हणणं तिने केव्हा सोडलं, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. मामाला मात्र कळलं होतं.

शुक्रवारी तो दारातच उभा राहिला. "फोन आला," म्हणाला. ट्रीना हातातला टायर रिमवर चढवत राहिली. छान झालं, म्हणाली. तुझे टायर आईच्या घरी पोचवीन, म्हणाली. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण तिने कॉम्प्रेसर चालू केला आणि त्या आवाजात सगळंच बुडालं. त्यानंतर चार दिवस तो फिरकला नाही. तिने ते रडून नाही, गॅरेज झाडून काढले, तीनदा.

बुधवारी ट्रक आला. तिने वेष्टण फाडलं आणि तिचा पारा चढला. रिमा बरोबर होत्या, बाराच्या. पण टायर सव्वीसचे, चांगले रुंद, बोटभर खोल खाचांचे. दलदलीचे आणि बर्फाचे. तिने तडक पुरवठादाराला फोन लावला. तिकडची बाई शांतपणे म्हणाली की गिऱ्हाइकाने स्वतः शुक्रवारी बदलून घेतलेत, आणि तुमच्या गॅरेजमधूनच फोन होता.

ट्रीनाने मामाकडे पाहिलं. मामा एकदम बॉनेटखाली गडप झाला. आतून फक्त हात बाहेर आला, त्यात तिचाच फॉर्म. 'एक उन्हाळा' खोडून तिथे कुणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'टायर झिजेपर्यंत'.

"नीट वापरले तर सात-आठ वर्षं जातात ते," मागून आवाज आला. "पुरवठादाराकडच्या बाईला विचारून घेतलं मी."

ट्रीना वळली. गारलँड भिजलेल्या जॅकेटात उभा होता. तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच रागही आला.

"कुठे होतास?"

"सेंट जॉन्सला. तो फोन फेरीबोटवाल्यांचा होता, डॉक्टरी तपासणीसाठी. सोमवारपासून फेरीबोटीच्या इंजिनावर लागतोय. पगार निम्मा आहे, पण रोज घरी येता येईल." त्याने भिजलेली बाही झटकली. "तुला आधी सांगितलं असतं आणि नापास झालो असतो तर? सांगायचं होतं खरं तर… पण तू तो कॉम्प्रेसर…"

तिने टायरांवर बोट ठेवलं. "हे वाटेवर खडखडणार."

"खडखडू देत."

"हँडल पूर्ण वळवलं की मडगार्डला घासणार. अर्धा इंच कापावं लागेल."

"तू कापशील?"

"मीच कापणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

तो जवळ आला. आवाज अगदी खाली गेला होता. "हे टायर मी मासे धरायला नाही घेतले, ट्रीना. तू जिथे जातेस तिथे मला यायचंय, हिवाळ्यातसुद्धा. तू आवडतेस मला. दोरी बांधत होतीस ना, तेव्हापासून."

बाहेर धुक्यातून बोटीचा भोंगा वाजला. बॉनेटखाली मामा श्वास रोखून होता. ट्रीनाने फॉर्मवरच्या खोडलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं माप चुकलं होतं, आणि तिला त्याचा इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले.

"मलाही," ती म्हणाली. "तेव्हापासूनच."

मग तिने फॉर्म उलटा केला, कानावरची पेन्सिल काढली आणि रेघा ओढू लागली. इथे तळं. इथे वीज पडलेलं झाड. झाडापासून डावीकडे, दोन मोठ्या दगडांच्या मधून… तो वाकून बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की ती काय काढते आहे.

तिने कागदाची घडी घालून त्याच्या खिशात सरकवली. "उद्या सहाला. बादली आण."

"आणि…?"

"आणि आईलासुद्धा सांगू नकोस."