चासीवरची काळी साय

फेरीबोटीच्या उतारावर सिव थुरेलची जुनी गाडी कडाडकन वाजली आणि मधोमध खचली. ब्रेकची नळी तुटली. शेजारी बसलेली तिची मुलगी टूवा किंचाळली. गाडी थेट पाण्याकडे घसरत होती. सिवने सगळं बळ लावून स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी दगडी कठड्यावर घातली. पुढचं एक चाक समुद्रात लोंबकळत राहिलं.

दोघी वाचल्या. पण संध्याकाळपर्यंत स्वीडनमधल्या ओरुस्ट बेटावर एकच बोलणं होतं : वेल्डर योर्डिसचा जोड सुटला.

"साफ खोटं!" दुसऱ्या दिवशी सिव गरजली. ती बेटावरची गुरांची डॉक्टर, आवाज मुळातच मोठा. "योर्डिसचा जोड सुटणार नाही. आज तिची दोन कामं परत गेली, हेडविगबाई. तिचं नाव धुऊन काढा."

हेडविग स्ट्रोले उद्देवाल्ला शहरात खासगी गुप्तहेर म्हणून काम करायची. सोबत ऊवे होता, निवृत्त संगीत शिक्षक. तो तिची गाडी चालवायचा आणि सुचेल तो प्रश्न मोठ्याने विचारायचा.

मोडकी गाडी आता एवाल्डच्या कोठारात स्टँडवर चढवली होती. एवाल्ड म्हणजे सिवचा शेजारी. गाडीची सगळी दुरुस्ती त्याच्याच कोठारात झाली होती.

"आईची गाडी ही. सुईण होती ती, सगळ्या बेटांवर हिच्यातूनच फिरली," सिव सांगू लागली. "खालची लोखंडी चासी गंजून चाळण झाली होती. वाळूचा मारा करून गंज उडवला. योर्डिसने नवे तुकडे जोडले. मग काय लावायचं, यावर महिनाभर वाद! माझा भाऊ स्टूरे म्हणे डांबर लाव."

"डांबर वाईट?" ऊवेने विचारलं.

"वाळलं की तडकतं. तड्यातून मीठ-पाणी आत जातं आणि आतल्या आत लोखंड खातं. मी एपॉक्सी रंग लावला, काळा. मुद्दाम मंद घेतला, चकाकी नसलेला. खरखरीत अंगावर मेण चांगलं धरतं."

"मेण?"

"गंजरोधक, पारदर्शक. रंग खडखडीत वाळल्यावर फवारलं. एवाल्ड तेव्हा गोटेबर्गला मुलाकडे गेला होता. योर्डिसने गाडी जॅकने उचलून धरली, स्टूरेने दिवा धरला. मेण बसलं आणि चासी ओल्या दगडासारखी चमकायला लागली! मग गाडी खाली उतरवली ती थेट काल बाहेर काढली."

हेडविग पाठीवर झोपून चासीखाली सरकली. जोड शाबूत होता. चासी त्याच्या वीतभर पुढे तुटली होती. तुटलेली कड अर्धी वेडीवाकडी, अर्धी सरळ.

"करवत," ती म्हणाली.

"अरे देवा!" ऊवे खाली वाकला.

सरळ कडेलगत काळ्या रंगाचा पट्टा होता. हेडविगने नख लावलं, तर रंग दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघून आला. खाली बोटांना बुळबुळीत लागलं. तिचे कान लाल झाले. ऊवेने ते पाहिलं. तिचे कान उगाच लाल होत नसत.

"या कोठाराची किल्ली कुणाला मिळते?"

"मला, एवाल्डला, योर्डिसला आणि स्टूरेला. रंगाचा उरलेला डबा इथेच फळीवर आहे."

योर्डिस आली ती तावातावाने. "मी माझाच जोड बदनाम करीन होय?"

"चासीला काय काय लावलं होतं?"

"रंग, वर मेण. त्यातलं अर्धं माझ्या केसांत! तीन वेळा डोकं धुतलं, तरी कंगवा चालेना."

स्टूरे शांतपणे बसला. "गाडी संग्रहालयात जावी, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो. अजूनही म्हणतो. म्हणून बहिणीला बुडवीन?"

"रंगकामात होतात?"

"दिव्याचा हमाल! कोटाला मेणाचा असा वास बसलाय की बायको तो घरात घेऊ देत नाही."

एवाल्ड कॉफीची किटली आणि दालचिनीचे बन घेऊनच आला. म्हातारा, नीटनेटका, सगळ्यांना हवासा.

"गाडीखाली शेवटचे कधी गेला होतात?" हेडविगने विचारलं.

"रंग लावला त्या दिवशी. त्यानंतर ही कंबर कुठली वाकू देते!"

"रंग नीट बसला होता?"

"नीट म्हणजे? वाळल्यावरही आरशासारखा चकाकत होता! एवढा रंग असताना वर दुसरं काही लावायची गरजच नाही."

"बन छान आहेत," हेडविग म्हणाली. "सगळ्यांना आत बोलवा."

सगळे आले. हेडविग उभीच राहिली.

"चासी करवतीने अर्धी कापली आणि काप काळ्या रंगाने झाकला. पण मेणावर रंग धरत नाही. ज्याला मेण माहीत होतं, त्याने ते आधी स्पिरिटने पुसलं असतं. योर्डिसच्या केसांत मेण होतं, स्टूरेच्या कोटाला त्याचा वास. सिवने ते स्वतः फवारलं. माहीत नव्हतं फक्त गोटेबर्गला गेलेल्या माणसाला."

"पण माहीत नसणं म्हणजे गुन्हा नव्हे!" ऊवे म्हणाला.

"नव्हेच. पण एवाल्ड, वाळलेला रंग मंद होता. चकाकी आली ती मेणाने, आणि मेण लागलं तुम्ही नसताना. रंगाच्या दिवसानंतर तुम्ही गाडीखाली गेलाच नाहीत, तर ती चकाकी पाहिलीत कधी? विजेरीच्या उजेडात, हातमोजे घालून, करवत घेऊन गेलात तेव्हाच. मोज्यांमुळे बुळबुळ हाताला लागली नाही आणि मेणाची चमक तुम्हाला रंगाचीच वाटली."

योर्डिसने एवाल्डच्या हातातली किटली काढून घेतली.

"मला वाटलं, अंगणातच खचेल," तो पुटपुटला. "सामान भरताना. उन्हाळा निघून जाईल आणि सिव इथेच राहील. नॉर्वेचं उत्तर टोक, नॉर्डकाप, बघायला जाते म्हणाली. पण पुढे ती टूवाकडे कायमची राहणार, हे मला दुकानात कळलं. दुकानात!"

"माझी मुलगी गाडीत होती, एवाल्ड," सिवचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आणि बोलणी योर्डिसने खाल्ली. 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचंस ना!"

"थांबली असतीस?"

"नाही. पण तुला मिठी मारून गेले असते."

मग कुणी न सांगता एवाल्डने फोन उचलला आणि पोलिसांना स्वतःचं नाव सांगितलं.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर योर्डिसने बाह्या सरसावल्या. "जोडते पुन्हा. पण एक अट आहे. मीही येणार. लोकांनी भर चौकात माझ्या कामाला नावं ठेवली, आता त्याच कामावर बसून मला उत्तर टोकाला न्यायचं!"

"अगं, मागची सीट लहान आहे!"

"मांडी घालून बसेन."

जुलैतल्या एका लख्ख सकाळी गाडी पुन्हा त्या उतारावर आली. अर्धं बेट बघायला जमलं होतं, श्वास रोखून. गाडी सरसर उतरली आणि कुरकुर न करता बोटीवर चढली. मागच्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर येऊन योर्डिस ओरडली, "बघताय ना रे सगळे?"

सगळे बघतच होते. टाळी पहिल्यांदा स्टूरेने वाजवली.