वाकडी झिजलेली फरशी

लेउवार्डनच्या वेशीवरचं डॉक्टर फोप्पे हायलमांचं घर मी एकोणीसशे बत्तीस साली बांधलं. चार पोलादी खांब, सपाट छत, दक्षिणेला सलग काच. खाली अकरा मीटरची एकच खोली, मधे एकही भिंत नाही. असं घर अख्ख्या फ्रिसलँड प्रांतात नव्हतं आणि ते मी सगळ्यांना सांगत असे.

सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या बायकोचा, बाउक्येबाईंचा निरोप आला : जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम झिजलंय.

"झिजणारच," मी म्हणालो. "चालता म्हणून झिजतं."

"पण वाकडं का झिजावं? बघा तरी."

स्वयंपाकाच्या कोपऱ्यापासून काचेपर्यंतची पायवाट सरळ नव्हतीच. खोलीच्या मधोमध येऊन ती काटकोनात वळत होती, मोकळ्या जागेला वळसा घालून पुढे जात होती.

"इथं कपाट होतं का?"

"कधीच नाही."

मी खुर्ची टाकून बसलो. मोलकरीण वळसा घालून गेली. मग डॉक्टर दवाखान्यात जायला निघाले, तेही तसेच. तेवढ्यात टपालवाला आला. या घरात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. तोही वळला, आणि वळताना त्यानं खांदा आत घेतला.

इथं पूर्वी काय होतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. पाया मीच खणून घेतला होता. गायींचं कुरण, त्याखाली चिकणमाती. बस्स.

मी खडू घेतला आणि झिजेच्या कडेनं रेघ मारत गेलो. तीन मीटर लांब, अडीच रुंद असा चौकोन निघाला. आतलं लिनोलियम कोरं करकरीत. एका बाजूला फक्त दाराएवढी, सत्तर सेंटिमीटरची फट होती, आणि तेवढ्यापुरतीच एक झीज आत गेली होती.

"सवय आहे, बाउक्येबाई. एक वळला की दुसरा वळतो. आता बघा."

मी रेघ ओलांडून सरळ आत शिरलो. काहीच झालं नाही. मी हसलो.

"झालं समाधान?"

"झालं," त्या म्हणाल्या. "थांबा, कॉफी आणते."

मी आतच उभा राहिलो. समोर काच, काचेपलीकडे कुरण, वारा. पण वाऱ्याचा आवाज येत नव्हता. जुन्या लाकडाचा आणि धुराचा वास येत होता. या घरात लाकूड मी कुठंच वापरलं नव्हतं.

बाउक्येबाई ट्रे घेऊन आल्या. चौकोनाला वळसा घालून फटीपाशी थांबल्या. ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हवेत टकटक केली.

लाकडावर वाजावं तसं वाजलं.

त्यांनी क्षणभर कान दिला. मी काही बोललो नव्हतो.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या आणि आत आल्या.

ट्रेमध्ये तीन कप होते. एक त्यांनी माझ्या हातात दिला, एक स्वतःसाठी ठेवला. तिसरा त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे धरला आणि सोडून दिला.

तो पडला नाही.