हात वर उचलू नकोस

ही गोष्ट खरी आहे. दारूच्या गुत्त्यात ऐकलेली नाही, माझ्यावर गुदरलेली आहे.

ऱ्हाईन नदीकाठची आमची रोमन फौजेची छावणी. पानगळीचे दिवस, आणि दुपारीसुद्धा न हटणारं धुकं.

मी आणि माझा धाकटा भाऊ मानियस एकाच तुकडीत होतो. निघताना आईने मला एकच गोष्ट बजावली होती, "त्याला सांभाळ."

तलवार शिकवायला वस्ताद ओफिलियस होते. जमिनीत रोवलेल्या खांबावर आम्ही लाकडी तलवारीने सराव करायचो. कुणी वार करायला हात वर उचलला, की त्यांची छडी थेट बगलेत बसायची.

"लाकडं फोडायला आलास का रे? आखूड तलवार आहे ती, कुऱ्हाड नव्हे! हात वर गेला की बगल उघडी पडते. ढालीआडून खुपस. पोटात पातं दोन बोटं गेलं तरी पुरे!"

सगळ्यात जास्त छड्या मानियस खायचा.

"दादा, हा म्हातारा मेल्याशिवाय माझी बगल काही बरी होत नाही," असं म्हणून हसायचा.

वस्ताद खरंच मेले. तापाने. छावणीबाहेर रस्त्याकडेला आम्हीच त्यांची राख पुरली.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघंच खांबापाशी होतो. मानियसने हात वर केला...

सट्ट!

तो कळवळून खाली बसला. "दादा, मस्करी पुरे हं!"

मी तर त्याच्या समोर उभा होतो. त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

अंगरखा सारून पाहिलं... बगलेत लालभडक वळ उठला होता.

"कुणाला सांगू नकोस, हसतील," तो म्हणाला. आणि घाईघाईने अंगरखा खाली ओढला.

त्यानंतर त्याने कधी हात वर केला नाही. मला भीती वाटली, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. चला, पोरगं सुधारलं.

मग एका सकाळी जंगलातल्या वाटेवर जर्मन टोळीने आम्हाला गाठलं.

रांग मोडली. मानियस चिखलात घसरून पडला. एक धिप्पाड गडी त्याच्या छातीवर बसला आणि त्याने कुऱ्हाड उगारली.

मध्ये मानियसची ढाल आडवी आली होती. खुपसायला जागाच नव्हती. पण तो उगारलेला हात माझ्या टप्प्यात होता. आमची तलवार आखूड असली तरी मनगट एका घावात उतरवते.

मी हात वर उचलला.

आजूबाजूचा आरडाओरडा... एकदम ऐकू येईनासा झाला.

सट्ट!

बगलेत आग पेटली. हात लुळा होऊन खाली आला. त्याच क्षणी उजवीकडून आलेला भाला माझ्या दंडाला खरचटून गेला. हात वर असता, तर तो बगलेतून आरपार गेला असता.

मानियस माझ्याकडेच पाहत होता.

"दादा..."

कुऱ्हाड खाली आली.

सगळे मला नशीबवान म्हणाले. माझ्या बगलेतला वळ पाहून, मेल्यावरही वस्तादांनी शिष्याला वाचवलं, म्हणाले. आईलाही मी एवढंच कळवलं. वस्तादांच्या थडग्यावर ओतायला ती दर वर्षी मध घातलेली दारू पाठवते. "एक तरी लेक राखला त्यांनी," असा निरोप सोबत येतो.

मी दारू ओततो. विचारावंसं वाटतं, "वस्ताद, शिष्य तर आम्ही दोघंही होतो ना?"

पण हिंमत होत नाही...

उत्तर आलं तर?