गाठ बसेना

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका... यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

पोलंडमधलं वूच शहर. १९९४ चा फेब्रुवारी. भर दुपार.

मी पट्टे विणणाऱ्या गिरणीत, तपासणीच्या खोलीत होते. तयार पट्ट्यातला धागा काढून पितळी दांडीवरून ओढायचा आणि त्याची पकड किती ते आकड्यात लिहायचं, हे माझं काम. पकड कमी असली की पट्टा बकलातून सरकतो. आणि त्या पट्ट्यांवर कामगार माणसं छपरांवरून लटकतात.

माझा नवरा झेनोन त्यातलाच एक. सकाळीच म्हणाला होता, "व्येशा, नीट बघ हां. उद्या तुझ्या सहीवर लटकायचंय मला."

"लटक की. घरी तरी कुठे पाय टिकतो तुझा!"

आमच्या खोलीत हाताला क्रीम लावायला बंदी होती. तेलकट बोट लागलं की धागा गुळगुळीत होतो आणि आकडा खाली येतो. आमच्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या लोंगिनाबाईंनी तीस वर्षं भेगाळलेल्या हातांनी काम केलं. त्या धागा कानाशी धरून चिमटीत चोळायच्या. खर्र वाजला तर पास, सर्र वाजला तर परत. नोव्हेंबरात त्या वारल्या.

त्या दिवशी थंडीने माझी बोटं फुटली होती. मी क्रीम लावलं होतं.

आकडा खाली आला... बराच खाली.

माझ्या क्रीमचाच प्रताप, मी म्हटलं. आणि मागच्या महिन्याचा आकडा लिहायला पेन उचललं.

सर्र... सर्र...

माझ्या कानाशी कुणीतरी धागा चोळत होतं.

बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. यंत्र बंद होतं.

एप्रनची गाठ सुटली. मी बांधली. पुन्हा सुटली. मग बुटांच्या नाड्या... गळ्यातला रुमाल आपोआप घसरून मांडीवर आला. कितीही आवळलं तरी गाठ बसेचना.

मग आवाज थांबला.

मी घाबरले नाही. नुसती बधिर झाले. हात धुऊन दुसरा धागा लावायला दहा मिनिटं लागली असती. मी लावला नाही. जुना आकडा लिहिला, सही केली आणि जाऊन बीटाचं सूप प्यायले.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला झेनोन पडला.

पट्टा तुटला नव्हता. बकलातून सरकला होता. दोष क्रीमचा नव्हताच.

मला रडू आलं नाही. शवपेटीवरच्या फुलांना फीत बांधायला मला सांगितलं... तीनदा बांधली. तीनदा सुटली.

तेव्हापासून माझ्या हातची एकही गाठ टिकत नाही. डॉक्टर म्हणतात, हातात काही दोष नाही. माझ्या बुटांच्या नाड्या माझी मुलगी किंगा बांधते. "आई, तू काय बालवाडीत आहेस का गं?" म्हणते.

काल सकाळी... तिने बांधलेली गाठही सुटली. पहिल्यांदाच.

आणि कानाशी... सर्र.

उद्या ती दोर घेऊन टाट्रा पर्वतातल्या कड्यावर चढायला निघणार आहे. तिची बॅग दाराशी भरून ठेवली आहे.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.